हृदयविकार आणि त्याची कारणे समजून कशी घ्यावीत

माझे वडील नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रोज सकाळी दादर स्थानकाचा पूल चढून पूर्वेकडे जात असत. पायऱ्या संपल्या की ते कठड्याला लागून उभे राहत, खिशातला रेल्वेचा पास काढून त्यावरची तारीख पाहत असल्यासारखे करत आणि दोन-तीन मिनिटांनी पुढे चालू लागत. छातीच्या मध्यभागी काहीतरी दाबून धरल्यासारखे होते, पण थांबले की जाते, असे त्यांनी आईला एकदा सांगितले, तेव्हा घरातल्या सर्वांनी मिळून त्याला पित्त ठरवले. रात्रीचे जेवण लवकर होऊ लागले, आमटीतले तिखट कमी झाले, गावाहून कोकमाचे आगळ आले. एका दवाखान्यात झोपवून काढलेला ईसीजी व्यवस्थित निघाला आणि आमची उरलीसुरली शंकाही मिटली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला.

ते त्यातून वाचले. चढताना येणारा आणि थांबल्यावर ओसरणारा छातीतला दाब म्हणजे हृदयशूल, हे मला रुग्णालयाच्या बाकावर बसल्यावर कळले. इंग्लंडमधील डॉ. विल्यम हेबर्डन यांनी या दुखण्याचे वर्णन 1768 सालीच केले होते, आणि त्यातही चढावर चालणे व थांबताच बरे वाटणे याच दोन खुणा होत्या. झटका अचानक येतो हे खरे, परंतु त्यामागचा विकार दहा-वीस वर्षे आधीपासून शरीरात घडत असतो, आणि तो घडत असताना ओळखता येण्याजोगा असतो. तो कसा ओळखावा, त्याची कारणे स्वतःच्या घरात कशी शोधावीत आणि वेळ आली तर काय करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी कोणता हृदयविकार, ते विचारावे

कोणाला ‘हार्टचा त्रास’ आहे असे कळले की पहिला प्रश्न हा विचारावा की त्रास हृदयाच्या कोणत्या भागाचा आहे. हृदय हा साधारण मुठीएवढा स्नायू आहे. त्याला चार कप्पे, रक्त एकाच दिशेने जावे म्हणून चार झडपा, ठोक्यांची लय राखणारी स्वतःची विद्युतयंत्रणा आणि स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या असतात. यांपैकी काहीही बिघडले तरी त्याला आपण हृदयविकारच म्हणतो, मात्र प्रत्येकाची कारणे आणि उपचार निराळे असतात. जन्मजात दोष दर हजार बालकांत साधारण आठ जणांत आढळतो. लय बिघडल्यास धडधड होते किंवा भोवळ येते. स्नायू दुर्बळ झाल्यास पायांना सूज येते आणि आडवे पडताच धाप लागते. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. या शब्दाचा अर्थ हृदय बंद पडले असा नसून ते गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही असा आहे, हे नातेवाइकांनी लक्षात ठेवावे, कारण हा शब्द ऐकून अनेक घरे विनाकारण आशा सोडतात.

झडपांच्या एका विकाराकडे मुंबईकरांनी विशेष लक्ष द्यावे. एका विशिष्ट जिवाणूमुळे मुलांचा घसा दुखतो, उपचार अर्धवट राहतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजतात, आणि त्याच वेळी शरीराची प्रतिकारयंत्रणा हृदयाच्या झडपांनाही इजा करते. रुमॅटिक फीव्हर नावाचा हा आजार मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे झोपतात तिथे तो सहज पसरतो. झडप अरुंद झाल्याचे पुष्कळदा मुलगी मोठी होऊन गरोदर राहते आणि तिला धाप लागते, तेव्हाच लक्षात येते. म्हणून मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांनी दिलेला प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण करावा, आणि सांधे सुजले तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. ज्यांना हा ताप होऊन गेला आहे त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते कंटाळवाणे आहे, पण झडप त्यानेच वाचते.

यापुढचा मजकूर मात्र धमन्यांच्या विकाराविषयी आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक माणसे त्यानेच दगावतात.

धमनीच्या भिंतीत काय घडते

नळात गाळ साचतो तशी धमनीत चरबी साचते, असे आपण नेहमी ऐकतो. ही उपमा अपुरी आहे आणि तिच्यामुळे गैरसमज होतात. चरबी धमनीच्या पोकळीत साचत नाही. ती भिंतीच्या आतल्या थरात शिरते. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण या थरात अडकतात, त्यांना गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात, त्या स्वतःच चरबीने फुगून तिथेच मरतात, आणि भिंतीत एक मऊ, दाह झालेली गाठ तयार होते. तिच्यावर तंतूंचे पातळ आवरण असते. तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि वाढलेली साखर यांनी धमनीचे आतले अस्तर दुखावले, की ही क्रिया वेग घेते. तिची सुरुवात तारुण्यातच झालेली असते.

गाठ हळूहळू वाढून धमनी बरीच अरुंद झाली, तर श्रमाच्या वेळी स्नायूला रक्त कमी पडते आणि पुलावर थांबावे लागते. पण दुसरीही एक शक्यता असते. जेमतेम निम्मी वाट अडवणाऱ्या, कधीही न दुखलेल्या गाठीचे आवरण एखाद्या दिवशी फाटते, आतला द्रव्यसाठा रक्ताच्या संपर्कात येतो, तिथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी जमते आणि धमनी पूर्ण बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका. ‘काल तर पाचव्या मजल्यापर्यंत चढून आला होता’ असे आपण ज्यांच्याविषयी बोलतो, त्यांच्यात पुष्कळदा हे घडलेले असते. त्यामुळे काही दुखत नाही याचा अर्थ धमन्या निरोगी आहेत, असा काढता येत नाही.

कारणे स्वतःच्या घरात शोधावीत

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात 1948 साली पाच हजारांहून अधिक रहिवाशांची नोंद ठेवायला सुरुवात झाली आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयाशी असलेला संबंध तिथे स्पष्ट झाला. पुढे 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे 90 टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आहे, असे त्यात दिसले: तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, मद्य आणि व्यायामाचा अभाव. आपल्यासाठी त्यातली एक नोंद फार महत्त्वाची आहे. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी वयाच्या 53 व्या वर्षी येत होता, इतर देशांतील लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी. म्हणजे मुलांचे शिक्षण संपत आलेले असते आणि घराचे हप्ते चालू असतात, तेव्हा.

तंबाखूपासून सुरुवात करावी, कारण आपल्या घरांत तिची रूपे अनेक आहेत आणि सगळी मोजली जात नाहीत. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे डॉक्टरांना सांगणारा माणूस चुना लावून तंबाखू मळत असतो, आणि घरातली आजी रोज दोनदा मिश्री लावत असते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असली तरी सवय संपलेली नाही. ‘दिवसाला एकच’ ओढणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण वीस सिगारेटींनी हृदयाला जितका जादा धोका होतो, त्याच्या जवळपास निम्मा एका सिगारेटीनेच होतो. उलट बाजूने पाहिले तर सोडल्याचा लाभही लवकर मिळतो. साधारण वर्षभरात हा जादा धोका निम्म्यावर येतो.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो बोलत नाही. 115/75 च्या वर, वरचा आकडा दर 20 ने किंवा खालचा दर 10 ने वाढला की हृदयविकाराने व पक्षाघाताने मरण्याचा धोका मध्यमवयात दुप्पट होत जातो. तो मोजण्यात आपण बहुधा चूक करतो: स्थानकावरून धावत येऊन, जिना चढून, गरम चहा पिऊन, बोलता बोलता पट्टा बांधून घेतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू घेऊ नये. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड छातीच्या पातळीवर टेबलावर टेकवावा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. निरनिराळ्या दिवशी दवाखान्यात 140/90 किंवा त्याहून अधिक येत असेल तर तो उच्च रक्तदाब होय, मग डोके दुखत असो वा नसो. गोळी सुरू झाल्यावर आकडा ‘नॉर्मल’ आला म्हणून ती बंद करणारे मी अनेक पाहिले आहेत; तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो.

मिठाचा संबंध इथे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. भाजीतले मीठ आपण चवीने मोजतो, पण लोणचे, पापड, फरसाण, पाव आणि सुके बोंबील यांतले मोजत नाही. कोकणातल्या माणसाला सुकट सोडायला सांगणे कठीण आहे. मी ते सांगणारही नाही. ती नीट धुऊन, वरून मीठ न घालता, रोजच्याऐवजी पंधरवड्यातून एकदा करावी. ताजा बांगडा किंवा पेडवे तर हृदयासाठी चांगलेच, फक्त ते तेलात बुडवून तळू नयेत.

साखरेच्या बाबतीत उपाशीपोटी 126 किंवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6.5 टक्के झाले की मधुमेह ठरतो, परंतु 100 आणि 5.7 ओलांडल्यापासूनच सावध व्हावे. मधुमेहाने धमन्या लवकर बिघडतात आणि शिवाय मज्जातंतू बधिर होतात, त्यामुळे झटका आला तरी काहींच्या छातीत दुखतच नाही, नुसता घाम आणि थकवा येतो. पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा: उभे राहून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे सुटलेले, हीच आपल्याकडची धोक्याची ठेवण आहे, आणि ती वजनकाट्यावर दिसत नाही.

लिपिड प्रोफाइलचा अहवाल आला की एकूण कोलेस्टेरॉलवर नजर न थांबवता एलडीएलची ओळ शोधावी. निरोगी माणसाचे एलडीएल 100 च्या खाली असावे. धमनीविकार असलेल्यांचे 70 च्या, आणि अनेकांच्या बाबतीत त्याहूनही बरेच खाली आणण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. एलडीएल सुमारे 39 ने कमी केले की झटका, पक्षाघात अशा घटना साधारण एक पंचमांशाने घटतात, म्हणूनच स्टॅटिन ही गोळी इतक्या जणांना दिली जाते. तिच्याविषयी भीती घालणारे संदेश मोबाइलवर सतत फिरतात. त्यांवर गोळी बंद करू नये; शंका असेल तर लिहून डॉक्टरांसमोर ठेवावी. लिपोप्रोटीन-ए नावाची आणखी एक तपासणी असते. तिचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असल्याने ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते, आणि ज्यांच्या घरात तरुण वयात झटके आले आहेत त्यांनी ती अवश्य करावी.

ताण आणि झोप यांचे नेमके माप काढता येत नाही, तरी विरारहून किंवा बदलापूरहून रोज चार तास प्रवास करणारा माणूस पाच तास झोपतो, वडापावावर दुपार काढतो आणि व्यायामाला वेळ उरत नाही, तेव्हा नऊपैकी चार-पाच कारणे एकाच वेळापत्रकातून जन्मतात. त्याला ‘रोज सकाळी तासभर चाला’ असे सांगणे अन्यायाचे आहे. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे पुरेसे असते आणि ते दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत केले तरी चालते. एक थांबा आधी उतरणे ही मुंबईत जमणारी सोय आहे. हिवाळ्यात धुरके दाटते तेव्हा मात्र रस्त्याकडेने चालू नये, कारण हवेतले सूक्ष्म कणही धमन्यांना इजा करतात.

स्त्रियांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण घरात त्यांची तपासणी सर्वांत शेवटी होते. रजोनिवृत्तीनंतर त्यांचा धोका झपाट्याने वाढतो. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढली होती, त्यांना पुढे हृदयविकार होण्याची शक्यता अधिक असते, आणि बाळंतपणानंतर ही माहिती कपाटातल्या फायलीतच राहते. ती फाइल बाहेर काढावी.

एक कागद तयार करावा

रेशनकार्ड ठेवता त्याच खणात प्रत्येकाचा एक कागद ठेवावा. त्यावर रक्तदाब, साखर, एलडीएल, पोटाचा घेर आणि तंबाखूचा प्रकार तारखेसह लिहावा. चालू गोळ्यांची नावे लिहावीत. आणि वडील किंवा भाऊ यांना 55 वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना 65 च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते ठळक लिहावे. हा कागद घेऊन गेल्यास डॉक्टरांशी होणाऱ्या पाच मिनिटांच्या भेटीत कामाचे बोलणे होते. त्यांना दुखणे सांगताना ‘छातीत दुखते’ एवढेच न म्हणता ते कशाने येते, किती वेळ टिकते, थांबल्यावर जाते का आणि कुठे पसरते, हे सांगावे. माझ्या वडिलांनी पुलाचा उल्लेख केलाच नव्हता, आणि आम्हीही नाही.

तपासण्यांची मर्यादा जाणून घ्यावी. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी त्या क्षणापुरते सांगतो. हृदयशूल असलेल्या अनेकांचा तो निर्दोष येतो. टू-डी एको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीमधून झडपा आणि स्नायूची ताकद दिसते, धमन्या थेट दिसत नाहीत. पट्ट्यावर चालवून घेतलेली स्ट्रेस टेस्ट बरीच अरुंद झालेली धमनी पकडू शकते, पण मऊ, लहान गाठ तिच्यातून निसटते. धमन्या प्रत्यक्ष पाहायच्या तर अँजिओग्राफी करावी लागते, आणि ती कोणाला हवी हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

खर्चाच्या भीतीने तपासणी टाळू नये. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या महापालिकेच्या रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहेत. केईएममध्येच 1968 साली डॉ. पी. के. सेन यांनी देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले होते. गर्दी असते, रांग असते, पण ज्ञान तिथे कमी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास येतात; रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे.

झटक्याच्या वेळी

छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे होणे, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकी काही विश्रांती घेऊनही दहा-पंधरा मिनिटांत गेले नाही, तर तो झटका समजूनच वागावे. धमनी पूर्ण बंद झाली की अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरू लागतो. पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहण्यात सर्वाधिक हानी होते. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला स्वतः जिना उतरू देऊ नये. चाळीत किंवा लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत त्याला खुर्चीवर बसवून दोघा-तिघांनी खाली आणावे. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर 108 वरील डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिनची साधारण 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दुसऱ्याच्या डब्यातून काढून देऊ नये, कारण रक्तदाब आधीच उतरला असेल तर तिने तो आणखी कोसळतो. जोरजोरात खोकून झटका थांबवता येतो हा मोबाइलवरचा सल्ला निराधार आहे.

जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास अँजिओप्लास्टी होते, हे आजच विचारून त्या कागदाच्या मागे लिहावे. तिथे पोहोचायला फार वेळ लागणार असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्याआधी लागणाऱ्या जवळच्या रुग्णालयातही देता येते. पहिला ईसीजी निर्दोष आला आणि दुखणे चालूच असेल, तर काही वेळाने पुन्हा काढण्याची व रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) तपासण्याची विनंती करावी.

रुग्ण निपचित पडला, हाक मारून प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदय थांबले आहे असे समजावे. एकाने 108 ला फोन करावा, दुसऱ्याने रुग्णाला टणक जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवावा, त्यावर दुसरा हात ठेवून कोपरे सरळ राखावीत आणि मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबत राहावे, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत दाबणारा थकतो. तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

वडिलांना दोन स्टेंट बसवले. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी; आणि दोन्ही मुलांनी महिन्याच्या आत रक्त तपासायचे. माझे वय तेव्हा 34 होते, मला काहीच होत नव्हते, आणि माझे एलडीएल 168 निघाले. कागदावरची पहिली नोंद तीच आहे.